शेवटची ओटी

"लिहायले?" आनंदाबाईंच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच उघडा राहिला. "लिहायले शिकाले जाऊन राह्यली तू अमेरिकेत?"

"हो, आत्या," शकुंतला म्हणाली.

"आन् आजवर काय करत होती? बी.एस्सी. काय मातीत बोटानं रेघा ओढून झाली?"

ओसरीवर कोणी हसलं नाही. तिचे वडील लक्ष्मणराव खांबाला टेकून बसले होते, ते तसेच राहिले. शकुंतलेचे मामा रूपराव वर्ध्याच्या कचेरीतून खास रजा काढून आले होते. त्यांची चहाची बशी ओठांपर्यंत जाऊन परत आली. दाराआड तिच्या आईच्या, रुख्माबाईंच्या बांगड्या एकदाच वाजल्या.

आणि लक्ष्मणरावांचे थोरले भाऊ अण्णाजी यांना भर सभेत कोणी थोबाडीत मारावी तसं झालं.

सदतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत घालवली होती. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी हात धरून अक्षरं गिरवायला लावली होती. या पुतणीचा हात तर त्यांनी ती चार वर्षांची असताना धरला. पाटीवर तिचा 'श' पोट सुटल्यासारखा यायचा. तो सरळ व्हायला एक अख्खा उन्हाळा गेला होता. मुलगी नागपूरला गेली, रसायनशास्त्र घेऊन वरच्या वर्गात पास झाली. आता एम.एस्सी. करायची की मास्तरकीची परीक्षा द्यायची, एवढंच आज ठरवायचं, असं समजून सगळे जमले होते. पेरणीचा शेवटचा दिवस धरून लक्ष्मणरावांनी बहिणीला हिंगणघाटहून बोलावलं होतं. आणि ही म्हणत होती, लिहायला शिकायचं आहे.

"शकू," अण्णाजींनी आवाज जमेल तेवढा सपाट ठेवला, "मी शिकवलं ते काय होतं मग?"

"मोठेबाबा, तसं नाही." ती त्यांच्यासमोर खाली येऊन बसली. "तुम्ही अक्षर शिकवलं, वाक्य शिकवलं. हे वेगळं आहे. प्रयोगशाळेत काही सापडते. ते जाड पुस्तकात जाऊन बसते. शेतातल्या माणसापर्यंत, चुलीजवळच्या बाईपर्यंत ते येतच नाही. मधात कोणी नाही. ते नेऊन पोचवायचं कसं, हे शिकवतात तिथं. विज्ञानलेखन म्हणतात."

"मधात पोस्टमन हाय ना," आनंदाबाई म्हणाल्या.

तिने दोन निळी पाकिटं सतरंजीवर ठेवली. दोन्ही विद्यापीठांनी तिला घेतलं होतं, दोन्हीकडे शिष्यवृत्ती होती. शनिवारपर्यंत एकीकडे होकाराची तार जायला हवी होती. आज बुधवार.

"दोन दोन?" रूपरावांनी शेवटी बशी खाली ठेवली. "आन् आमाले आज सांगून राह्यली?"

"आधी सांगितलं असतं तर अर्जच केला नसता मी, मामा. तुम्ही करू दिला नसता."

हे खरं होतं. तिने पत्रं उघडून सांगायला सुरुवात केली.

पहिलं विद्यापीठ मोठ्या शहरातलं. अभ्यास एक वर्षाचा. नामांकित वर्तमानपत्रांतली माणसं येऊन शिकवतात, शास्त्रज्ञांच्या मुलाखती घ्यायला लावतात. तिथून निघालेल्याचं नाव जगात चालतं. दुसरं कुठल्याशा शेतीच्या मुलखात, मक्याच्या रानात. दोन वर्षं लागणार, त्यातली निम्मी खेड्यापाड्यांत.

"आणि तिथला नियम ऐका," शकुंतला हसत म्हणाली. "जे लिहिलं ते ज्याच्यासाठी लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं. शेतकरी असो, त्याची बायको असो. त्यांनी सही केली तरच प्राध्यापक कागद हातात घेतात. सांगा आता, मी काय त्या गोऱ्या बायांच्या सह्या गोळा करत फिरू? माझं पहिलंच ठरलं आहे."

"तुयं ठरलं!" रूपराव उसळले. "भाऊजी, तुमी काऊन चूप हा? एम.एस्सी.ची जागा मी बोलून ठेवली हाय. दोन वर्षांनी कॉलेजात शिकवन पोट्टी. पेपरात लिहिणाऱ्याले कोन विचारते?"

"आन् हिंगनघाटच्या लोकायले मी काय सांगू?" आनंदाबाईंनी सुपारी फोडली. "मुलगा वकील हाय. थांबते म्हनला तरी किती थांबन? त्याची माय तर म्हनते, पोरगी लय शिकली. आता म्हनन, लय शिकून पुन्हा पाटी घेऊन बसली."

लक्ष्मणराव पहिल्यांदा बोलले. "त्याहीनं तुले घेतलं कसं? पाह्यलं तरी काय तुयं?"

"नमुना मागितला होता, बाबा. मी काणीचं पत्रक पाठवलं. इंग्रजी करून."

लक्ष्मणरावांच्या मिशीआड काहीतरी हललं. त्यांनी मान वळवून अंगणाकडे पाहिलं.

ते पत्रक घरात सगळ्यांना माहीत होतं. ज्वारीवर काणी पडते तेव्हा कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. शाळेतली मुलं ती बोटावर घेऊन एकमेकांना मिशा काढतात. अण्णाजींनी अशा कितीतरी मिशा ओल्या फडक्याने पुसल्या होत्या, आणि पुसता पुसता सांगितलं होतं की बाबांनो, ही तुमच्या बापाची भाकर आहे. ती भुकटी येते कुठून, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. शकुंतलेने ते लिहिलं. काणीचं बी डोळ्यांना दिसणार नाही एवढं बारीक असतं, ते बियाण्यालाच चिकटून शेतात जातं, पावसाबरोबर जागं होतं आणि रोपाच्या पोटातून कणसापर्यंत चढतं, असं गोष्टीसारखं लिहिलं. पेरण्याआधी बियाण्याला कोणतं औषध लावायचं, किती लावायचं, मडक्यात घालून कसं घोळायचं, तेही लिहिलं. छापायला देण्याआधी ते तिने अण्णाजींकडे पाठवलं. त्यांनी लाल शाईने तपासून परत दिलं आणि खाली आकडा घातला, दहापैकी दहा. नागपूरच्या एका शेतकी मासिकाने त्याच्या पाच हजार प्रती वाटल्या.

त्या दहापैकी दहाची आठवण झाली आणि अण्णाजींचा राग थोडा निवला. अमेरिकेने ज्याच्यावर हिला घेतलं ते आपल्या हातून तपासून गेलेलं होतं.

"रुख्मा काय म्हनते?" आनंदाबाईंनी दाराकडे पाहून विचारलं.

रुख्माबाई भासऱ्यांसमोर बोलत नसत. तेवीस वर्षांत अण्णाजींनी त्यांचा आवाज फक्त भिंतीआडून ऐकला होता. आताही बांगड्या तेवढ्या वाजल्या.

इतक्यात फाटकातून सखू आली.

सखू म्हणजे लक्ष्मणरावांचा सालदार जंगलू याची बायको. तिच्याइतकी सारखी पेर आसपासच्या चार गावांत कोणाची नव्हती. जंगलू तिफण हाकायचा, आणि ती कमरेच्या ओटीतून मूठमूठ दाणे तिफणीच्या चाड्यात, नळ्यांवरच्या लाकडी वाटीत, सोडत मागे चालायची. पेरणी संपली की ओटीत जे उरेल ते पेरणारीचं, अशी या गावाची रीत. ती ते घरी नेई, धुऊन शिजवी, मीठ घालून घुगऱ्या करी. आपल्या घरी वाढून झाल्या की एक वाडगा मालकाच्या ओसरीवर येई. तो आला की पेरणी झाली. मग त्या वर्षाची काळजी पावसाची.

सखूने पळसाच्या पानाने झाकलेला वाडगा अण्णाजींसमोर ठेवला. "घ्या, गुरुजी. तुमाले पयले."

मोठा माणूस म्हणून पहिली मूठ त्यांची. अण्णाजींनी पान सारलं. घुगऱ्या कोमट होत्या. त्यांनी मूठभर उचलल्या आणि तोंडात टाकल्या. मिठाला चव बरी होती, पण दाण्यांना कसलासा उग्र वास होता.

"यंदा पाह्यजा, दादा," लक्ष्मणरावांना आता राहवेना. सकाळपासून पोटात ठेवलेली गोष्ट ओठांवर आली. मुलीकडे न पाहता, पण तिलाच ऐकू जावं म्हणून ते म्हणाले, "एक कणीस काळं निघनार नाई. पोरीचं पत्रक समोर ठेवून बियाण्याले औषध लावलं मी. वर्ध्याहून पुडी बांधून आनली. अक्षर न् अक्षर तसंच केलं."

शकुंतलेने बापाकडे पाहिलं. मग वाडग्याकडे पाहिलं. मग अण्णाजींच्या चालत्या जबड्याकडे.

"थुका!"

अण्णाजींना कळेना ती कोणाला म्हणते आहे. त्या मुलीने जन्मात कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"मोठेबाबा, थुका ते! थुका!" तिने वाडगा लाथेने उडवला. अण्णाजींचा जबडा धरला आणि लहान मुलाच्या तोंडातला खडा काढावा तशी दोन बोटं त्यांच्या तोंडात घातली. ज्वारीचे दाणे निळ्या पाकिटांवर पडले. आनंदाबाई किंचाळल्या. रूपराव अर्धवट उठून तसेच ओणवे राहिले.

"पोरी, अन्नाले लाथ..." लक्ष्मणराव म्हणू लागले.

"पारा आहे त्यात, बाबा! जहर आहे! ते बियाणं खायचं नसते!" ती सखूकडे वळली. "सखूबाई, घरी कोणी खाल्लं? कोणी खाल्लं घरी?"

सखूचा हात अजून पदरात होता. "रामी," ती म्हणाली. "रामी दोन खेप मागून खाल्ली. मी आन् तिचा बाप अजून..." मग तिला समजलं. ती वळली आणि धावत सुटली.

जंगलूचं घर गोठ्याच्या पलीकडे होतं. अण्णाजी पोहोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. सहा वर्षांची रामी अंगणात भिंतीला टेकून बसली होती, पोट धरून. सखू त्यांच्या घरच्या बोलीत तिला काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा एकच.

"अंडी आहेत का?" शकुंतलेने विचारलं. "फक्त पांढरं पाहिजे. आणि दूध. जेवढं असेल तेवढं."

सखूने खुराड्यात हात घातला. शकुंतलेने अंडी फोडली, बलक बाजूला टाकला आणि पांढरं वाटीत जमवलं. पण रामी मान फिरवू लागली, वाटी ओठांना लागू देईना.

"दे इकडे," मागून कोणीतरी म्हणालं. आनंदाबाई होत्या. अंड्याचं नाव निघालं तरी नाकाला पदर लावणाऱ्या आनंदाबाई चिखलात मांडी घालून बसल्या. रामीला मांडीवर आडवी घेतली, तिच्या तोंडात ते ओतलं, पाठ चोळली, ओकवलं, पुन्हा ओतलं. त्यांच्या हिंगणघाटच्या लुगड्यावर जे पडायचं ते सगळं पडलं. "ओक, माय माही, ओक," त्या म्हणत होत्या. "सारं ओक. तुया आत्याच्या अंगावर ओक."

"तीनदा धुतले मी दाने," सखू कोणालाच न सांगता सांगत होती. "पानी राखुंडी निघालं. मले वाटलं राखच हाय. बियान्यात दरसाल राख अस्ते. मालक म्हनले औषध लावलं. औषध म्हनल्यावर मले वाटलं चांगलंच असन."

लक्ष्मणराव दमणीला बैल जुंपत होते. इतक्यात रूपराव धोतर खोचून पळत मोठ्या सडकेवर गेले आणि सरकीचा एक ट्रक हात आडवे करून थांबवून आले. एम.एस्सी.चं, वकिलाचं कोणालाच सुचत नव्हतं. ट्रकमध्ये पोत्यांवर सखू, जंगलू, लक्ष्मणराव आणि मांडीवर रामी. शकुंतला चढू लागली तेव्हा जंगलूने तिच्याकडे पाहिलं. ती खाली उतरली.

ट्रक केळझरच्या बाजूने आला होता. तो वर्ध्याच्या बाजूला दिसेनासा झाला तरी ती सडकेवर उभी होती.

"पाच हजार, मोठेबाबा," ती म्हणाली. "पाच हजार छापले होते."

रूपरावांनी त्याच संध्याकाळी सेलूच्या पोस्टातून मासिकाला तार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटी तार आली की इशारा लिहून ताबडतोब पाठवा, विशेष पत्रक काढतो, वर्तमानपत्रांतही देतो. ती तार हातात घेऊन शकुंतला दोन दिवस कोऱ्या कागदासमोर बसली होती. ती जेवत नव्हती. लिहीतही नव्हती.

अण्णाजींनी त्या दोन दिवसांत आपली पेटी उघडली. हस्तलिखिताची एक नक्कल त्यांनी लाल खुणांसकट उतरवून जपून ठेवली होती. ती त्यांनी काढली, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचली. लाल शाईच्या एकतीस खुणा होत्या. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, पूर्णविराम. एके ठिकाणी त्यांनी समासात लिहिलं होतं, 'वाक्य सुंदर.' ते वाक्य उरलेलं बियाणं वाया न घालवण्याबद्दल होतं. औषध लावलेलं बियाणं खायचं नाही, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ते वाक्य त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं. साठ वर्षं या गावात त्यांनी सखूच्या, तिच्या सासूच्या, त्याआधीच्या पेरणाऱ्या बायांच्या घुगऱ्या खाल्ल्या होत्या. शकुंतला तर लहानपणी वाडग्यासाठी सखूच्या पदराला धरून फाटकापासून ओसरीपर्यंत यायची. लिहिताना तिला ते आठवलं नाही. तपासताना त्यांना आठवलं नाही.

शनिवारी सकाळी वर्ध्याला पाठवलेली दमणी सगळ्यांना घेऊन परत आली. रामी आईच्या खांद्यावर होती, फिकट, पण डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले होते की तीनदा धुतलं आणि लगेच ओकवलं म्हणून निभावलं. पण हे जहर सावकाश बोलतं. तीन महिने पाहत राहा. हात कापला, चाल बिघडली, डोळ्याला कमी दिसलं, की लगेच आणा.

लक्ष्मणरावांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. जंगलूला आणि सखूला वर घेतलं. बुधवारचीच माणसं होती, पण सुपारी कोणी फोडत नव्हतं.

"मी दोन्हीकडे नाही म्हणून कळवते," शकुंतला म्हणाली. "ज्या कागदावर त्यांनी मला घेतलं, तोच कागद हा. मला आता काही लिहायचं नाही. एम.एस्सी. करते, मामा. प्रयोगशाळेत बसते. तिथं चुकलं तर फार तर नळी फुटते."

"शहाणी हाय," रूपराव म्हणाले. पण तीन दिवसांपूर्वीचा जोर त्यांच्या आवाजात नव्हता.

"कायची शहाणी!" आनंदाबाई कडाडल्या. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. "सांडलं तिनं, आन् आता पुसाच्या वक्ती कोनात जाऊन बसते? आता तर गेलीच पाह्यजे हे."

"आत्या, बुधवारी तुम्हीच..."

"बुधवारी माह्या मांडीवर पोरगी नवती."

अण्णाजींनी घसा खाकरला. हातातला कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. शाळेत चांगलं अक्षर दाखवायला ते असाच कागद धरत.

"हे तपासलं मी होतं," ते म्हणाले. "एकतीस चुका काढल्या. जी चूक पोरीचा जीव घेत होती, तिच्याखाली लिहिलं, वाक्य सुंदर. म्हणून एकट्या शकूवर कोणी बोलू नका. जंगलू, सखू, मी तुमचा गुन्हेगार आहे."

गावातल्या कोणी अण्णाजी गुरुजींना असं बोलताना ऐकलं नव्हतं. लक्ष्मणरावांनी मान खाली घातली. जंगलू अंगठ्याने जमीन उकरू लागला. तो काय म्हणेल याची अण्णाजींना भीती वाटली, आणि तो काहीच म्हणाला नाही याची त्याहून जास्त.

बोलली ती सखू.

"त्या कागदात हाय तरी काय?" ती म्हणाली. "मालकानं वाचलं, गुरुजीनं वाचलं, अमेरिकेतल्या मानसायनं वाचलं. पेरलं म्या. मले तं कोनी वाचून दाखवलंच नाई."

अण्णाजींचा कागद धरलेला हात खाली आला.

"वाच ना," सखू शकुंतलेला म्हणाली. "आता वाच."

शकुंतलेने अण्णाजींच्या हातातून कागद घेतला. मग तिने सावकाश वाचलं, शेवटपर्यंत. काणीचं बी रोपाच्या पोटातून चढतं तिथे सखू म्हणाली, "असं हाय काय ते," आणि जंगलूनेही मान वर केली.

वाचून झालं. सखूने थोडा विचार केला.

"हे औषध हाताले लागते. मी दिवसभर त्याच हातानं पेरलं. दुपारी शेतातच भाकर खाल्ली. चालते काय?"

शकुंतलेने कागद खाली ठेवला. "नाही. हात धुवायचे. साबणानं."

"शेतात साबन कुठी? राखेनं, मातीनं चालन?"

"चालेल. पण खूप पाण्यानं. खाण्याआधी."

"मंग तसं लिव. आन् ज्या मडक्यात मालकानं घोयलं, ते मडकं मी घासून घेतलं. पानी भराले."

"फोडा ते, सखूबाई. आजच. आणि पुरा."

"ज्या लुगड्याची ओटी केली, त्याच लुगड्यात रामीले रात्री गुंडायते मी."

शकुंतलेने कोरा कागद पुढे ओढला. दोन दिवस जो हात हलला नव्हता तो चालू लागला. सखू विचारत गेली. दाणे वेचणाऱ्या कोंबड्या, ते धुतलेलं पाणी, उरलेलं बियाणं पुढल्या वर्षी चालेल का, घरात कुठे ठेवायचं की पोरांचा हात पुरणार नाही. अण्णाजी पाहत राहिले. एवढे प्रश्न त्यांच्या वर्गात कोणी विचारले नव्हते, आणि वर्गात सखू कधी आलीच नव्हती. तिच्या लहानपणी शाळेच्या ओट्यावरून त्यांनी तिला गुरांमागे जाताना रोज पाहिलं होतं. हाक मारली नव्हती.

"शकू," ते म्हणाले, "ते दुसरं पत्र काढ. मक्याच्या रानातलं. त्यात सहीचं काय होतं ते पुन्हा वाच."

तिने पाकीट शोधलं. बुधवारच्या ज्वारीचा डाग त्यावर तसाच होता. तिने वाचलं. या वेळी हसली नाही.

"लिहून झाल्यावर ज्याच्यासाठी लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं," अण्णाजी म्हणाले. "हे मला सदतीस वर्षांत कोणी शिकवलं नाही. म्हणून मी पूर्णविराम तपासत बसलो. तुला जायचं असेल तर तिथं जा. पहिल्या ठिकाणी नाव होईल. पण नाव तर या पत्रकानंही झालं होतं."

"दोन वर्सं लागतीन," रूपराव म्हणाले. "तंवर ते हिंगनघाटवाले..."

"गुरुजी."

आवाज दारातून आला. रुख्माबाई चौकटीबाहेर येऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर, पण तोंड अण्णाजींकडे. लक्ष्मणरावांनी असं पाहिलं की जणू खांबच बोलला.

"हिंगनघाटवाले थांबले तर थांबले," रुख्माबाई म्हणाल्या. "पाच हजार घरात पोरीचा कागद गेला. तिले दोन वर्सं काय, चार लागले तरी लागू द्या. पन शिकूनच येऊ द्या. अर्धवट शिकलेलं घरात नोको." आणि त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

मग आनंदाबाईंनी कमरेचा अडकित्ता काढला. "ऐकलं काय, रूपराव? तुमची बहीन बोलली. आता वकिलाच्या मायले मी पाह्यते. तुमी तारीचं पाहा, पोस्ट बारा वाजता बंद होते."

"मोठेबाबा," शकुंतला हळूच म्हणाली, "मला भीती वाटते."

"वाटू दे. मलाही वाटायला हवी होती."

तिने मक्याच्या रानाचा पत्ता आणि होकार तारेच्या कागदावर लिहून मामांना दिला. रूपराव तो खिशात ठेवून, सायकलीची घंटी विनाकारण वाजवत गेले.

नवं पत्रक एका पानाचं झालं होतं. पहिलंच वाक्य होतं, 'औषध लावलेलं बियाणं विषारी असतं, ते माणसांनी, गुरांनी, कोंबड्यांनी खायचं नाही.' सवयीने ते अण्णाजींकडे आलं. सवयीने त्यांनी लाल शाईची दौत उघडली. मग कागद तसाच सखूपुढे सरकवला आणि दौतही.

"इथं तुझी सही पाहिजे, सखू. अंगठा चालेल."

जंगलू एकदम पुढे सरकला. "अंगठा कायचा, गुरुजी?" जंगलूच्या माणसांनी आजवर सावकारापुढे, कचेरीत जिथे जिथे अंगठा लावला होता तिथून जमीन, गुरं, काही ना काही गेलंच होतं. अण्णाजींना ते माहीत होतं. त्यांनी दौत मागे घेतली नाही, पण जवळही ढकलली नाही.

"यातलं सगळं तिला समजलं आणि तिला पटलं, एवढ्याचाच," ते म्हणाले. "नाही पटलं तर लावू नये."

सखू कागदाकडे पाहत राहिली. मांडीवर रामी झोपली होती. सखूने तिचा हात हातात घेतला, बोटं उघडून पाहिली, कापतात का ते पाहिलं.

"एक राह्यलं," ती म्हणाली. "आता पेरनी सरली की घुगऱ्या करायच्याच नाई काय? ओटी रिकामी घेऊन घरी यायचं?"

शकुंतला थांबली. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिने अण्णाजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, मला माहीत नाही अशी. मग तिने सखूकडे पाहिलं.

"औषध लावण्याआधीच दोन पायल्या ज्वारी बाजूला काढून ठेवायची," ती हळूहळू म्हणाली. "पेरणारीच्या नावाची. तिला औषध लावायचं नाही. शेवटच्या दिवशी ती तिच्या ओटीत घालायची. लुगडं बदलून, हात धुऊन."

"मालक देतीन?"

"देतीन," लक्ष्मणराव म्हणाले.

"मंग तेबी लिव."

शकुंतलेने लिहिलं. अण्णाजींनी दौतीचं झाकण बाजूला ठेवलं. सखूने अंगठा पुढे केला, शाईच्या अगदी वर आणला, आणि तिथेच थांबवला.

"आधी पुन्हा वाच," ती म्हणाली. "पयल्यापासून. सावकाश."

शकुंतलेने कागद उचलला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.